तिसऱ्या घोड्यावरची आत्या

अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "नाव काय आजोबा?" गुंडूअण्णांनी टेबलावर पडल्या पडल्या उलट विचारलं, "माझं ऱ्हाऊ दे. तुमचं मूळ कुठलं?" डॉक्टर म्हणाले, हुबळी. "हुबळी आत्ताची. त्याच्या आधी?" डॉक्टर आठवायला लागले. डोळे मिटता मिटता अण्णा म्हणाले, "आठवून ठेवा. मी उठलो की सांगा." आणि शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी पाणी मागितलं नाही, डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

हे गुंडूअण्णा बेळगावच्या खासबागेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. विजेच्या खात्यात मीटर रीडर म्हणून त्यांची हयात गेली. आधी घराचं मूळ आणि मग मीटरचा आकडा, असा त्यांचा क्रम असे. त्यामुळे बेळगावातल्या निम्म्या घरांचे पणजोबा त्यांना पाठ आहेत. मी इथे भाड्याने राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझंही मूळ काढलं. माझं आडनाव, गाव, देव सगळं विचारून झाल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची माणसं आमच्या पागेत होती. घोड्यास्नी पाणी दाखवायला." मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून बहुतेक त्यांना घोडे सुचले असावेत. मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

कारण त्यांचं स्वतःचं मूळ थेट उदेपूरचं. दोन भाऊ, दोन घोडे आणि एक तलवार. थोरला इथं बेळगावजवळ येळ्ळूरला आला, घोड्यानं तिथं पाय रोवले म्हणून थांबला. धाकटा तसाच मलप्रभा नदीकडं गेला तो गेलाच. ही कथा मी एकवीस वर्षांत किती वेळा ऐकली ते विचारू नका. मध्येच तलवार दाखवायला अण्णा उठत, पण तलवार भिंतीवर नसे. काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, ती शेवग्याच्या शेंगा पाडायला परसात नेलेली असे. "काय बाई ही! सरदाराची तलवार हाय ती!" असं अण्णा ओरडले की काकू आतून म्हणत, "व्हय, म्हणूनच शेंगा लई पडत्यात."

तर अशा घराण्यात तेजूनं बाँब टाकला. तेजू ही अण्णांची एकुलती एक नात. बेंगळुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला बैलहोंगलच्या बसवराजशी लग्न करायचं होतं. मुलगा कन्नड. गुणी, हसरा, आणि मराठी बोलताना प्रत्येक वाक्यानंतर माफी मागणारा. तेजूचे आईवडील म्हणाले, अण्णा हो म्हणाले तर आमचं काही नाही. अण्णा म्हणाले, भावकी हो म्हणाली तर माझं काही नाही. आणि भावकी म्हणजे येळ्ळूरचे भैरूदादा. अण्णांचे थोरले चुलतभाऊ. ते म्हणाले, "सरदाराच्या घरची पोरगी देताना चौकशी नको?"

तेजू हुशार. तिनं आजोबांच्या वाढदिवसाला डीएनए तपासणीची पेटी आणली. नळीत थुंकायचं, पाठवायचं, पूर्वज कुठले ते महिना-दीड महिन्यात फोनवर येतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, रिपोर्टमध्ये सगळी सरमिसळच येणार. मग अण्णा कुठल्या तोंडानं नाही म्हणतील?" मी अण्णांना समजावलं की बाबा, रक्ताला भाषा कळत नाही. ते म्हणाले, "न कळायला काय झालं? माझं रगात मराठी बोलतंय." आणि पेटी छातीशी धरून जाहीर केलं, "रिपोर्ट येऊ दे. उदेपूर निघालं तर लगीन न्हाय. दुसरं काय निघालं तर बघूया." तेजूचा जीव त्या नळीत अडकला.

पहिली नळी फुकट गेली. अण्णांचं आजोळ निपाणीचं. तंबाखूला ते आजोळचा प्रसाद म्हणतात आणि प्रसाद तोंडात ठेवूनच त्यांनी नळी भरली. प्रयोगशाळेनं कळवलं की नमुना वाचता येत नाही. अण्णा खूश झाले. "बघितलासा? एवढं जुनं रगात हाय, मशीनला झेपलं न्हाय!"

दुसऱ्या नळीच्या वेळी मी स्वतः पहाऱ्यावर बसलो. अर्धा तास तंबाखू बंद. येळ्ळूरहून भैरूदादा चौघांना घेऊन साक्षीला आलेले. नळी बघून त्यांनी पहिला मुद्दा काढला. "एकट्या गुंडूचंच का? मूळ वडिलोपार्जित हाय. सगळ्या पातींचं, सगळ्या घरांचं घ्या. थोडं थोडं सगळेच थुकतो." बाकीच्या चौघांनी माना हलवल्या आणि एकजण तर उठून नळीपर्यंत आलासुद्धा. सामायिक विहिरीत सगळ्यांचा वाटा असतो तसा सामायिक नळीत का नसावा, हे मला त्यांना पटवून देता येईना. आयुष्यभर विज्ञान शिकवून मी हरलो. शेवटी काकू म्हणाल्या, "नळी केवडी, तुम्ही केवडं!" आणि विषय संपला.

पण एवढ्यात अण्णांचं तोंड कोरडं पडलं. तंबाखू नाही, त्यात सात माणसं तोंडाकडे बघतायत. थेंब येईना. काकूंनी समोर पाट मांडला, कैरी चिरली, तिला तिखट-मीठ चोळलं आणि एक फोड स्वतः खाऊन मिटकी मारली. नळी भरली. भैरूदादांचीही भरली असती.

रिपोर्ट माझ्याच फोनवर आला, कारण तेजूनं ईमेलचा पत्ता माझा दिला होता. नकाशा होता. कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत आमटी सांडल्यासारखा एकच तांबूस डाग. खाली लिहिलं होतं, दक्षिणेकडचे, शेती करणारे. राजस्थान पांढराफटक. अण्णांनी चष्मा पुसला, फोन पुसला.

"मास्तर, वर शाई संपली काय?"

"फोनमध्ये शाई नसते अण्णा."

"मग उदेपूर कुठं गेलं?"

"उदेपूर तिथंच आहे. तुम्ही तिथून आला नाहीत."

हे मी जरा जास्तच आनंदानं बोललो. पागेतल्या माणसाचा सूड म्हणा. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातातून काही तरी पडल्यासारखा बसून होता. दुसऱ्या दिवशी गल्लीत नवीन दूधवाला आला, त्याचंही मूळ त्यांनी विचारलं नाही. काकू घाबरल्या आणि तलवार मुकाट्यानं भिंतीवर आणून लावली.

तिसऱ्या दिवशी रविवार. रिपोर्टचं वाचन येळ्ळूरला भैरूदादांच्या अंगणात ठरलेलं होतं, वर मटणाचं जेवण. मी अण्णांना आणि तेजूला गाडीतून नेलं. वाटेत तेजू नखं खात खिडकीबाहेर बघत होती.

अंगणात भावकीची चाळीसेक माणसं. अण्णा उभे राहिले, खाकरले आणि उदेपूरहून निघाले. घोडे, तलवार, थोरला, सगळं जिथल्या तिथं. मला कळेना, हा माणूस रिपोर्ट लपवणार की काय? मग ते म्हणाले, "आता नवीन ऐका. मशीननं शोधून काढलंय. धाकटा कुठं गेला? मलप्रभेच्या काठाकाठानं बैलहोंगलला गेला! तेजूनं ठरवलेला पोरगा म्हणजे आपलंच रगात! आता बोला."

अंगणात कौतुकाची कुजबुज झाली. भैरूदादा मात्र ताडकन उठले. "अरं गुंड्या, धाकट्याचा वंश म्हणजे आपली भावकीच झाली की! भावाबहिणीचं लगीन लावतोस व्हय?"

आत मटणाला उकळी येत होती तेवढाच आवाज. तेजूनं माझा हात घट्ट धरला. अण्णांनी आकाशाकडे बघितलं, भैरूदादांकडे बघितलं, मग तेजूकडे. आणि एकदम आवाज चढवला.

"मला पुरतं बोलू देशील का न्हाय? घोडे दोन न्हवते. तीन होते!"

"तीन?"

"तीन. तिसऱ्यावर भैन होती. जिऊबाई. धाकट्यानं तिला तिकडं नेली, तिकडंच दिली. तो पोरगा तिच्या वंशातला. म्हणजे आपल्या आत्याचं घर! आत्याच्या घरात पोरगी द्यायला कवापासनं लाज वाटाय लागली रं? तुझी बायकू कोण हाय? मामाचीच पोरगी न्हवं? पहिला हक्क त्येंचाच हाय. त्येनी मागायच्या आधी आपण द्यायला पायजे!"

आमच्याकडे आतेमामेभावंडांत लग्नं होतात आणि ती मानाची मानतात. भैरूदादा चार वेळा डोकं खाजवून माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकल्याली माणसं. मशीनमधी तिसरा घोडा हाय काय? व्हय की न्हाय तेवडं सांगा."

यापेक्षा कितीतरी लहान थापांसाठी मी पोरांना नापास केलंय. फोन उघडून मी तो तांबूस डाग सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "व्हय."

मग काय! भैरूदादांनी तांबड्या रश्श्याची पहिली वाटी तेजूला दिली. म्हातारी माणसं जिऊबाईबद्दल एकमेकांना सांगायला लागली, आणि दोघातिघांना तर तिच्याबद्दल लहानपणी ऐकल्याचं आठवलंही.

परतताना तेजू मागच्या सीटवर बसवराजशी फोनवर हसत-रडत होती. मी अण्णांना म्हणालो, "नाव झकास सुचलं हो. जिऊबाई."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सुचलं न्हाय मास्तर. माझ्या आक्काचं हाय ते."

एकवीस वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या पंधरा पिढ्या ऐकल्या होत्या. त्यांना सख्खी बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. आक्कानं गोकाकच्या एका कन्नड शाळामास्तरांशी लग्न केलं, त्याला पंचेचाळीसच्या वर वर्षं होऊन गेली. वडील तेव्हा निम्मे तयार झाले होते. आडवा आला तो गुंडूच. "मीच म्हणालतो, ह्या घराण्यात तुझं नाव न्हाय आता. पंचवीस वर्साचा होतो. लई अक्कल होती मला." मी गाडी सावकाश चालवत राहिलो.

पत्रिका छापून आल्या तशी पहिली पत्रिका आणि आत्याच्या मानाचं लुगडं घेऊन आम्ही दोघं गोकाकला गेलो. दार आक्कानंच उघडलं. पांढरी, बारीक, नाक हुबेहूब अण्णांचं. तिनं त्यांना खालीवर बघितलं आणि म्हणाली, "केस गेलं की रं सगळं." तिचं मराठी येळ्ळूरचंच होतं, जरासुद्धा बदललेलं नव्हतं.

अण्णांनी रस्ताभर पाठ केलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. लुगडं पुढं करून एवढंच म्हणाले, "नातीचं लगीन हाय आक्का. आत्याचा मान तुझा. येतीस काय?"

तिनं लुगडं घेतलं, पत्रिका घेतली आणि आत निघून गेली. सुनेनं चहा आणून दिला. चहा निवला. अर्धा तास झाला तरी आतून कुणी येईना. अण्णांनी टोपी घातली आणि म्हणाले, "उठूया मास्तर. बरोबर हाय तिचं."

तेवढ्यात आक्का बाहेर आली. तेच लुगडं नेसून, हातात कपड्यांची पिशवी. सुनेला तिनं कन्नडमध्ये दुधाचं काहीतरी बजावलं, पायात चपला सरकवल्या आणि अण्णांना म्हणाली, "चल."

लग्नाला अजून तीन आठवडे होते.