पाला खाणारा डायनोसोर

आमच्या शेजारचे शिवलिंगअप्पा मांसाहारी प्राण्याचं चित्र काढत नाहीत. काढावंच लागलं तर त्याच्या तोंडात गवत देतात. गल्लीतल्या एका वाढदिवसाच्या पत्रिकेवर त्यांनी काढलेला सिंह कडबा खातो.

डाळीची आडत मुलाकडे सोपवल्यापासून अप्पा गल्लीतल्या पोरांच्या वाढदिवसाच्या पत्रिका हातानं करतात. रेल्वेवेडा पोरगा असेल तर पत्रिका तिकिटाएवढी, क्रिकेटवाला असेल तर बॅटीच्या आकाराची. मजकूर मात्र लग्नाचा. वर 'श्री शिव प्रसन्न', खाली आजोबांपासून धाकट्या काकापर्यंत सगळी नावं. "नाव गाळलं की माणूस रुसतंय, ताई."

आम्ही जूनमध्ये नांदेडहून लातूरला आलो. दोन महिन्यांनी माझ्या मुलीचा, सईचा सातवा वाढदिवस होता. शाळा नवी, जवळची मैत्रीण एकही नाही. माझ्या यादीत केक, फुगे, चिवडा, सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली होती. सई रोज विचारायची, "येतील का गं सगळे?" त्यापुढे मला खूण करता येत नव्हती.

अप्पांनी सईला समोर बसवलं. "काय आवडतंय?"

"डायनोसोर."

"पाला खाणारा हाय का?"

"लांब मानेचा खातो."

"मग जमतंय."

पत्रिका आल्या तेव्हा एकही धड नव्हती. एकीवर पाय, एकीवर पोट, एकीवर नुसती शेपटी. मागे लिहिलं होतं, 'हा तुकडा घेऊन येणे. आपण न आल्यास डायनोसोर अपुरा राहील.'

"अप्पा, अख्खं चित्र काढायचं की."

"नातीला काढलं होतं, पुण्याला. सोनेरी काठ. लई चांगलं झालतं. लोकांनी जपून ठेवलं. आलं कोणी न्हाई." तुरीचा भाव सांगावा तसं अप्पांनी सांगितलं. "पोरगी फ्रॉक घालून दारात बसून राहिली."

वाढदिवसाला पाच वाजल्यापासून मुलं येऊ लागली. डोकं आलं, पोट आलं, दोन पाय आले. सई प्रत्येक तुकडा जमिनीवर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवत होती. सहा वाजून गेले तरी मानेचा एक तुकडा आणि मागचा एक पाय आला नाही. सई केककडे येईना. त्या दोन मोकळ्या जागांकडे बघत उभी राहिली.

अप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. "हे जिन्यात पडलं होतं बग. कुणाचं तरी असंल." मान आणि पाय बसले. सईनं केक कापला.

पाहुणे गेल्यावर अप्पा हात धुवायला उठले आणि खिसा भिजेल म्हणून आतला लिफाफा माझ्याकडे दिला. लिफाफा उघडाच होता. आत डोकं होतं, पोट होतं, शेपटी होती.

"दोन केले होते?"

"कोण येणार न्हाई, हे आधी कुठं कळतंय."

"आणि कोणीच आलं नसतं तर?"

अप्पांनी टॉवेलला हात पुसले. "तर काय. मी अन् सई बसलो असतो जोडत."