गाडीचं कुंकू

उत्तमरावांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर ठेवलेलं असे, कारण भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती. भाईंदरच्या जेसल पार्कमधला तो फ्लॅट त्यांच्या साडूंचा, म्हणजे कौस्तुभरावांचा होता. "घरच्या माणसाकडून भाडं काय घ्यायचं," असं म्हणून त्यांनी चावी दिली आणि चावीबरोबर इतक्या सूचना दिल्या की त्यापेक्षा भाडं परवडलं असतं. नळ हळू फिरवा, दार आपटू नका, बाल्कनीत कुंड्या नकोत. साडूंचा फोन आला की उत्तमराव उभे राहून बोलत. त्यांची मर्जी फिरली तर बायकोला, म्हणजे गिरिजाबाईंना, घेऊन जायचं कुठे, ही भीती उत्तमरावांच्या पोटात कायमची वस्तीला आली होती. तीही भाडं देत नव्हती.

त्या वर्षी कौस्तुभराव आणि गिरिजाबाईंची थोरली बहीण मृणालिनीताई महिनाभर सिंगापूरला मुलाकडे निघाले, आणि जाताना आपली गाडी उत्तमरावांच्या बिल्डिंगखाली लावून गेले. गाडी सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. तेव्हा अशा गाड्या फार कोणाकडे नसत. क्लच नाही, गिअर आपोआप बदलणार, डाव्या पायाला काही कामच नाही. "असली जुनी ऑटोमॅटिक घेऊ नका, बिघडली तर पायी फिराल," असं मृणालिनीताईंनी बजावलं होतं. कौस्तुभरावांनी तरीही घेतली होती, आणि आयुष्यात बायकोचं न ऐकल्याचा तेवढा एकच प्रसंग त्यांच्या नावावर जमा होता.

"अधूनमधून इंजिन चालू करायचं, कंपाउंडात एक फेरी मारायची, बास," ते उत्तमरावांना म्हणाले. "बॉनेट उघडायचं नाही. आणि स्टिअरिंगसमोरची काच पुसायची नाही. ओरखडे पडतात."

उत्तमरावांनी मान डोलावली. गिरिजाबाई तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या, त्यामुळे काचेचं कलम त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मृणालिनीताईंचा गिरिजाबाईंना फोन आला. परत आल्यावर घरात उत्तनचे सुके बोंबील हवेत, आणून ठेव, गाडी आहेच की खाली, असं ताईंनी सांगितलं. कौस्तुभराव फक्त कंपाउंड म्हणाले होते, याची उत्तमरावांनी चाचरत आठवण करून दिली.

"ताई म्हणाली म्हणजे भाऊजी म्हणालेच," गिरिजाबाई म्हणाल्या आणि ओलं फडकं घेऊन खाली उतरल्या. ताईची गाडी रस्त्यावर न्यायची तर ती स्वच्छ नको? त्यांनी सीट झाडली, आरसे पुसले. स्पीडच्या काट्याखाली काचेवर काळा, चिकट असा कसला तरी तुकडा होता. तो त्यांनी नखानं खरवडला, त्याची गोळी केली आणि कसला चिकटा होता बघा म्हणून उत्तमरावांना दाखवून टाकून दिली.

उत्तमरावांनी गाडी सुरू केली आणि त्यांना समोर एक पिवळा दिवा दिसला. त्यात नळासारखं काहीतरी चित्र होतं. बाकीचे दिवे विझले, हा विझेना.

"पाण्याची मोटर चालू राहिली वाटतं," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांच्या बिल्डिंगमध्ये याहून मोठा गुन्हा नव्हता.

उत्तमरावांना गाडी बंद करावीशी वाटली, पण ताईंची आज्ञा होती. बेकार डावा पाय सवयीनं क्लच शोधत होता, म्हणून त्यांनी त्याची अर्धी मांडी घालून टाकली आणि देवाचं नाव घेऊन गाडी हाकली. उत्तन आलं, ताईंसाठी आणि घरासाठी बोंबील घेतले, गाडी परत फिरली. मग डोंगरीचा चढ लागला. उत्तमरावांनी पाय दाबला. इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडलं, पण गाडी पुढे जाईना. क्षणभर जागीच थबकली आणि हळूहळू मागे यायला लागली. मागे बस होती. बसच्या हॉर्ननं उत्तमरावांचे कान बधिर झाले. गिरिजाबाईंनी बोंबलांची पिशवी छातीशी धरून डोळे मिटले.

शेवटी गाडीच्या मनात आलं आणि एक हिसका देऊन ती पुढे सरकली. तिथून भाईंदरपर्यंत उत्तमरावांनी ती अशी चालवली की सायकलवाले वळून बघत होते. बिल्डिंगखाली आल्यावर त्यांच्या अंगातला शर्ट पिळून वाळत घालायच्या लायकीचा झाला होता.

संध्याकाळी सिंगापूरहून फोन आला. उत्तमराव उभे राहिले.

"गाडी ठीक?" कौस्तुभरावांनी विचारलं.

"एकदम."

"दिवे-बिवे काही पेटत नाहीत ना?"

"कसले दिवे?"

"काही नाही, सहज विचारलं. काच पुसली नाहीत ना?"

"छे."

"मग ठीक," म्हणून कौस्तुभरावांनी घाईघाईनं फोन ठेवला. उत्तमराव मटकन खाली बसले. ह्या माणसाला सिंगापुरात बसून सगळं कळतंय, आता आपल्याला दुसरं घर बघायला लागणार, असं ते गिरिजाबाईंना सांगू लागले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. समोर तळलेले बोंबील असूनही गेलं नाही.

नया नगरमध्ये साहिल नावाचा एक मेकॅनिक गाडीला मशिन लावून बघतो, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. उत्तमरावांनी गाडी तिकडे नेली. साहिलनं स्टिअरिंगखाली कुठेतरी वायर खुपसली, हातातल्या छोट्या स्क्रीनकडे बघितलं आणि बारावीचा निकाल सांगावा तसा सांगितला. "पी झिरो आठसौ अडसठ. ट्रान्समिशन फ्लुइड प्रेशर लो."

उत्तमरावांनी हे वाईट आहे का, एवढंच विचारलं. साहिलला ऐकणारा माणूस हवाच होता. ह्या गाडीत क्लचचं काम तेल करतं, असं त्यानं समजावलं. तेलाला जोर असला तर गिअर पकडतो, जोर कमी पडला तर इंजिन नुसतं ओरडतं आणि चाक फिरत नाही. आता तेल कमी असेल, कुठून गळत असेल, पंप दमला असेल, नाहीतर प्रेशर मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल.

"मग नक्की काय झालंय?" उत्तमरावांनी विचारलं.

"काका, कोड मतलब बीमारी नहीं, शिकायत. पेट में दर्द है इतना बोलता है. क्यूं है, वो खोल के देखना पडेगा." साहिलनं पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "कब से जल रहा है ये?"

"कालपासून."

"कल से? कोड तो पुराना लगता है."

पण उत्तमरावांचे कान 'खोल के' या शब्दापाशीच बंद झाले होते. उघडलेला गिअरबॉक्स, पाठोपाठ उघडलेला फ्लॅट आणि रस्त्यावर ठेवलेला फ्रिज, त्यावर घड्याळ, एवढं सगळं त्यांना लख्ख दिसलं. निदान तेल तरी बघू या, असं साहिल म्हणाला. बॉनेट उघडायची परवानगी नाही, असं उत्तमरावांनी सांगितलं. मग साहिलनं दुवा मागायला सांगितलं. शेवटी उत्तमरावांनी हात जोडले आणि नुसता दिवा विझवता येईल का, असं विचारलं. विझेल, पण तक्रार खोडली म्हणून दुखणं जात नाही, असं बजावून साहिलनं बटण दाबलं. दिवा विझला. गोल्डन नेस्टच्या सर्कलपर्यंत उत्तमराव सुखात होते. तिथे तो परत पेटला.

उरलेले दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. साडू यायच्या दिवशी सकाळी गिरिजाबाईंनी आपल्या कपाळावरची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. तिच्या कडेनं पिवळा उजेड डोकावायला लागला. मग त्यांनी हळदीकुंकवाला लावायची मोठी मरून टिकली आणली. दिवा पुरता झाकला गेला.

कौस्तुभराव विमानतळावरून थेट गाडी घ्यायला आले. मृणालिनीताई शेजारच्या सीटवर बसल्या. उत्तमराव खिडकीपाशी हात बांधून उभे राहिले, त्यांच्यामागे गिरिजाबाई. कौस्तुभरावांनी चावी फिरवली, समोर बघितलं आणि त्यांचा हात चावीवरच राहिला.

मृणालिनीताई वाकल्या. "ही कोणाची टिकली?"

कौस्तुभरावांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला. उत्तमराव बघतच राहिले. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता, रोज दाढी करताना आरशात दिसायचा. आणि मग त्यांना तो काळा चिकट तुकडा आठवला. पुसायची नाही ती काच आठवली. फोनवरचे दिवे-बिवे आठवले. कौस्तुभरावांनी त्यांच्याकडे बघितलं ते बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं.

बोलल्या त्या गिरिजाबाई. "मी लावली, ताई. गाडी पहिल्यांदाच दारात आली, तिला कुंकू नको लावायला? पूड सांडते म्हणून टिकली लावली."

मृणालिनीताईंचे डोळे भरून आले. "बघा. घेतली तेव्हा तुम्हाला सुचलं का? ती टिकली काढायची नाही हं."

"नाही काढत," कौस्तुभराव म्हणाले आणि टायर बघतो म्हणून खाली उतरले. डिकीमागे आल्यावर त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "उत्तमराव, हिला सांगू नका. घेतल्यापासून पेटतोय. कोणाला दाखवलीत का?"

"नया नगरला. प्रेशर लो आहे. तेल बघून घ्या. आणि चढावर नेऊ नका," उत्तमराव म्हणाले. साडूंना सूचना द्यायची त्यांची ही पहिलीच वेळ.

कौस्तुभरावांनी प्रत्येक सूचनेला मान डोलावली. जाता जाता ते घुटमळले. "फ्लॅटमध्ये खिळा-बिळा ठोकायचा असेल तर ठोका."

त्याच दुपारी उत्तमराव हातोडी घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. परवानगी होती, तरी त्यांनी आधी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांची भीती एका वाक्यानं जात नाही. त्यांनी डोळे मिटून घाव घातला. खिळा वाकडा गेला आणि शेजारचा रुपयाएवढा पोपडा जमिनीवर पडला.

उत्तमरावांनी घाबरून मागे बघितलं. गिरिजाबाई टिकल्यांचं पाकीट उघडून मरून रंगाची शोधत होत्या.