दामले कोण लागतात?

डिसेंबरातला दुसरा रविवार, दिल्लीतलं मयूर विहार, आमच्या सोसायटीचा हॉल. हजर: कवींच्या थोरल्या भावाकडचे अकरा जण, धाकट्या बहिणीकडची एक, मी आणि दामले.

आल्या आल्या दामल्यांनी गुरुग्रामच्या साठीला टेकलेल्या एका डायरेक्टरसाहेबांना चोवीस वर्षांच्या मैत्रेयीसमोर उभं केलं. "वाका. नात्यानं आत्या लागते तुमची."

"अरे अंकल, बच्ची है यार!"

"वय घरी ठेवा, पिढी बघा. रेकॉर्डवर आहे."

साहेब वाकले. मैत्रेयी गंभीरपणे म्हणाली, "औक्षवंत हो, बेटा."

दामले आमचे शेजारी. सरकारी नोकरीतून निवृत्त, एकटे. शाळेत आपण सगळ्यांनी ज्यांची कविता पाठ केली, त्या कवींना मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्यांच्या भावंडांचे आजचे वंशज शोधायचं काम दामल्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. कवींचं नाव इथे देत नाही. वंशावळीच्या तक्त्यातल्या प्रत्येकाची सही आल्याशिवाय काही छापायचं नाही, हा दामल्यांचा दंडक.

मराठी माणूस दिसला की ते नाव विचारत नाहीत. "आजोळ कुठलं?" लिफ्टमध्ये, बँकेत, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीतून, तोंडात कापूस असताना. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न, "पुरावा?"

भावाकडचे आडनावावरून सापडले. बहिणीचं मात्र लग्नात नावही बदललं आणि माग तुटला. मी म्हटलं, सोडा आता. "बहीण वगळून कसला वंश?" ते माझ्यावरच उखडले. शेवटी सरोजिनी नगरच्या बाजारात जॅकेटसाठी हिंदीत घासाघीस करणारी एक मुलगी भाव ऐकून "अगं बाई!" म्हणाली. मागे दामले होतेच.

"मला वाटलं, अंकल माझं लग्न जमवतायत," मैत्रेयी सांगते. घरच्या जुन्या लग्नपत्रिका तपासून झाल्या, तेव्हा कुठे ती बहिणीची पणती ठरली. पुण्या-मुंबईत कुणाला जमलं नाही ते मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावरून झालं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

जेवताना मैत्रेयीनं विचारलं, "काका, तुम्ही कवींचे कोण लागता?"

"कुणीच नाही."

"अच्छा. मग तुमचं आजोळ कुठलं?"

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता; मीसुद्धा नाही. दामले पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवत राहिले. "आई मी तान्हा असतानाच गेली. तिचं माहेर कुठलं, ते सांगणारं कुणी उरलं नाही."

मग मैत्रेयी म्हणाली, "नात्यानं मी मोठी ना? मग माझं ऐकायचं. आमचं घर तुमचं आजोळ. रेकॉर्डवर घ्या."

"पुरावा?" दामले म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. डायरेक्टरसाहेबांनी न सांगता त्यांना वाकून नमस्कार केला.

तक्त्याची स्वच्छ प्रत माझ्याकडे आहे. बहिणीच्या फांदीशेजारी मी दामल्यांचं नाव पेन्सिलीनं घातलंय. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. त्यांची तेवढी राहिली आहे.