शकुंतलाबाई अ‍ॅडमिट झाल्या त्याची गोष्ट

अकरा वाजता ट्रस्टींपुढे नवं बिलिंग सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं, आणि दहा वाजता शकुंतला देवकतेंच्या लक्षात आलं की दाखवायला पेशंटच नाही. खऱ्या पेशंटचं बिल असं भिंतीवर लावणं बरं दिसेना. खोटं नाव सॉफ्टवेअर घेईना, त्याला आधार नंबर पाहिजे. मग बाईंनी करावं काय? स्वतःचा नंबर टाकला आणि स्वतःलाच अ‍ॅडमिट केलं. तेही आयसीयूत, बेड नंबर चार. साध्या वॉर्डाचं बिल दोन ओळींत संपतं, त्यात ट्रस्टी काय बघणार!

सोलापुरातल्या या हॉस्पिटलच्या कॅश काउंटरवर बाईंनी एकोणीस वर्षं पावत्या फाडल्या. नोकरी करता करता एम.कॉम. झाल्या, आणि तीन महिन्यांपूर्वी वित्त विभागाच्या प्रमुख. म्हणजे, प्रभारी प्रमुख. तो ‘प्रभारी’ आज निघणार होता, नाहीतर बाई पुन्हा खाली काउंटरवर आणि पुण्याचा एक सीए वर केबिनमध्ये. बिचारीला दोन दिवस घास गोड लागला नव्हता.

सॉफ्टवेअर मात्र कंपनीनं भलतंच मायाळू बनवलेलं. पेशंट दाखल झाला की ते आपणहून नातेवाइकांना मेसेज धाडायचं. हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्यांच्या नोंदीत नंबर होता जवळच्या होटगी गावातल्या घरचा, सासूबाईंच्या फोनचा.

सासूबाई बजाबाईंना वाचता येत नाही. शेजारच्या ज्ञानबानं मेसेज मोठ्यानं वाचला, “आपल्या रुग्ण शकुंतला गंगाधर देवकते यांना आयसीयू, बेड चार येथे...” पुढचं ‘लवकर बरे व्हा’ कुणी ऐकूनच घेतलं नाही.

“आगं बया!” बजाबाई मटकन खाली बसल्या. मुलगा गंगाधर रेल्वेत, ड्युटीवर त्याचा फोन बंद. सुनेचा फोन वाजला, पण ट्रस्टी येणार म्हणून तिनं तो सायलेंटवर ठेवलेला.

“उचलंल कशी? नळ्या लावल्या आसतील,” ज्ञानबा म्हणाला. त्याला असं बोलायची हौसच दांडगी. बजाबाईंनी भिशीचे दहा हजार कमरेला खोचले आणि त्याच्या फटफटीवर बसल्या.

रिसेप्शनवरची अंकिता चारच दिवसांपूर्वी लागलेली. वरच्या बाईंना ती नुसतं ‘फायनान्स मॅडम’ म्हणून ओळखायची. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“हो आजी, आयसीयू, बेड चार. पण आधी दहा हजार अनामत भरा, मग भेटायचा पास मिळेल.”

“आगं, पोरीचं त्वांड तर बघू दे!”

“नियम आहे आजी. तो बघा बोर्ड.”

पैसे भरून, पास घेऊन बजाबाई धापा टाकत आयसीयूच्या दाराशी पोचल्या. बेड चार रिकामा. चादरीला सुरकुती नाही.

“हितली पेशंट कुटं गेली?”

“तो बेड मोकळा आहे,” नर्सनं घाईत सांगितलं आणि ती आत गेली. बजाबाईंना एवढं पुरे झालं. मोठ्या साहेबाला जाब विचारायला त्या जिना चढायला लागल्या.

वर शकुंतलाबाई अनामत कशी वाढली ते सांगत होत्या, तोच जिन्यातून हंबरडा आला.

“आगं माजी गुनाची बाय गं! येकोनीस वर्सं उलटून बोलली न्हाय गं! समदं घर सांबाळलं, आन् मी येक दिस बरी म्हनले न्हाय गं!”

शकुंतलाबाईंना आवाज ओळखीचा वाटला. मजकूर मात्र त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

दार धाडकन उघडलं. “कोन हाय हितला मोटा सायब? माजी सून...” आणि समोर सून, हातात रिमोट घेऊन उभी. बजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत चाचपलं, धडधाकट आहे याची खात्री केली आणि मग भडकल्या.

“आगं सटवे! तिकडं माजा जीव गेला, आन् तू हितं गार हवा खात हुबी?”

भिंतीवर बाईंचं आयसीयूचं बिल झळकतच होतं. त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं. अध्यक्ष चनमल्लप्पांनी कानडीत ‘आई’ अशी हाक मारत खुर्ची पुढे केली. “यव्वा, बसा. पाणी घ्या.”

“बसत न्हाय. आदी सांगा, आत मानूस मरायला टेकलेलं, आन् पैसं भर मंग त्वांड बघ, ह्यो नेम कुनाच्या डोस्क्यातून निगाला?”

ट्रस्टी एकमेकांकडे बघायला लागले. बोर्डाखाली सही कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आता ‘प्रभारी’सकट ‘प्रमुख’पण निघतंय, हे बाईंनी ओळखलं. काउंटरवर असताना त्याच म्हणायच्या, “आधी भेटून या, पैशाचं मग बघू.” वर आल्या आणि तीन महिन्यांत विसरल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“मी केला, आत्याबाई,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. आजपासून पास आधी. मी काढते तो नियम.”

“आणि वसुली?” एका ट्रस्टीनं विचारलं.

“आमचं मानूस तुमच्याच ताब्यात, आमी पळून कुटं जातोय?” बजाबाई कडाडल्या.

चनमल्लप्पांनी सावकाश चष्मा पुसला. “पुण्याचा सीए हुशार असंल हो. पण त्याची सासू काय हितवर भांडायला यायची नाही. मॅडम, ते ‘प्रभारी’ खोडून टाका की.”

जिना उतरताना शकुंतलाबाईंनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “आत्याबाई, मगाशी जिन्यात काय म्हणत होता तुम्ही? गुणाची बाय?”

“कोन, मी? ज्ञानबा बोलला आसंल. तू आदी माजं धा हजार काढ.”

ज्ञानबा तर अजून खाली गाडी लावायला जागा शोधत होता.