ऑर्विनचा कान आणि मार्लिसचा डाव

यंदा साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत जायचं ते डोकं शाबूत ठेवून, असं मार्लिसने ठरवूनच टाकलं होतं. जुन्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर तिने पंधरा उन्हाळे काढले होते. सायलेन्सर असा बोंबलायचा, की उतरल्यावर दोन दिवस कान गुणगुणायचे. शेवटी तिच्या नवऱ्याने, ऑर्विनने, ती गाडी विकून नवी घेतली. चार दिवस फिरवली नाही तोच विस्कॉन्सिनचा बर्फ सुरू झाला आणि नवी गाडी गॅरेजात झाकून पडली.

पण हिवाळाभर ऑर्विनचं एकच पालुपद. "कंपनीचा सायलेन्सर मिळमिळीत आहे. बदलायचा." जेवताना तो मोबाइलवर सायलेन्सरचे आवाज लावायचा. "हा ऐक, मार्लिस. काय दणका आहे."

"मला तर कुणाचं तरी पोट बिघडलंय असं वाटतंय."

"तुला नाही कळायचं. माझे डोळे बांध, नुसत्या कानाने निवडून दाखवतो."

मार्लिसने हे वाक्य बरोबर हेरलं.

दर शुक्रवारी गॉर्डीच्या बारमध्ये अख्खा मोटरसायकल क्लब तळलेले मासे खायला जमायचा. बर्फ वितळल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "ऑर्विन डोळे बांधून सायलेन्सर निवडणार आहे. चार गाड्या चालू करू. पसंत पडेल तो त्याचा. मग कुरकुर चालायची नाही. साक्षीला तुम्ही सगळे."

एवढ्या लोकांत ऑर्विन काय मागे हटतोय? त्याने मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला.

पहिली गाडी गरजली. "पत्र्याचा डबा."

दुसरी. "नुसता आरडाओरडा, दम नाही."

तिसरी खुद्द गॉर्डीची होती. "हिला आधी खोकल्याचं औषध द्या." गॉर्डीचं तोंड एवढंसं झालं.

चौथी मार्लिसने स्वतः चालू केली. ऑर्विन मान डोलवायला लागला. "अहाहा. खोल, भारदस्त. याला म्हणतात आवाज. ठरलं, हाच. कुणाची रे ही?"

"तुझीच आहे, गाढवा," गॉर्डी म्हणाला. "कंपनीचाच सायलेन्सर आहे."

सगळे पोट धरून हसले. ऑर्विनने रुमाल सोडला, लालबुंद होऊन बिअर मागवली आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढलं नाही. मार्लिस महिनाभर हवेत होती.

ऑगस्टमध्ये दोघं निघाली. गाडी लोण्यासारखी चालली होती. दहा मैल काय ते सुख लाभलं.

"मार्लिस, ऐकू येतंय ना?"

"अगदी स्पष्ट."

"बरं झालं बाई. पंधरा वर्षं मी गाडीवर बोलत आलोय, पण तुला काही ऐकूच जायचं नाही. हरकत नाही, पहिल्यापासून सांगतो."

त्याने खरंच पहिल्यापासून सांगितलं. अख्खं मिनेसोटा सरेपर्यंत त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मेव्हण्याची बोट आणि टायरमधली हवा झाली. मधूनमधून गाणीही म्हटली. मार्लिसने झोपेचं सोंग घेतलं, तर तिला जाग यावी म्हणून तो आणखी मोठ्याने बोलायला लागला.

साउथ डकोटाच्या हद्दीवर तो पेट्रोल भरायला थांबला, तशी ती शेजारच्या मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरली.

"सगळ्यात मोठ्ठा आवाज करणारा सायलेन्सर कुठला?" तिने विचारलं. "आणि आत्ताच्या आत्ता बसवून द्याल का?"