विल्फकाका लाइनवर आहेत

चेरिल ब्लांचर्डने मासळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली, त्याला उद्या महिना होणार होता, आणि तिने ते अजून सरकारला कळवलं नव्हतं.

एकटी बाई, पदरात दोन पोरं आणि पगार तुटपुंजा, अशांना सरकार टॅक्स क्रेडिट म्हणून दर आठवड्याला भत्ता देतं. चेरिलच्या पगारातून घरभाडं निघायचं आणि पोरांची पोटं त्या भत्त्यावर चालायची. अट एकच. नोकरी बदलली की महिन्याच्या आत फोन करून सांगायचं. नाही सांगितलं तर जादा गेलेले पैसे कापून घेतात, दंड लावतात, आणि मग घरात नुसता चहा उरतो.

"मग महिनाभर काय करत होतीस?" शेजारच्या विल्फकाकांनी कुंपणावरून विचारलं.

"तीनदा केला की. एकदा पोरांना आणायची वेळ झाली म्हणून ठेवला. एकदा बॅटरी संपली. तिसऱ्यांदा लागला."

"लागला? मग?"

"ती बाई म्हणाली, जरा थांबा हं, आमचा कॉम्प्युटर हळू चाललाय. इतकी दमलेली वाटली हो बिचारी. मी म्हटलं, असू दे बाई, नंतर करते."

दुसऱ्या कुठल्या गावात यावर कपाळावर हात मारला गेला असता. पण हे ग्रिम्स्बी, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं मासेमारांचं गाव. इथला माणूस पाण्यात बुडत असला तरी आधी 'तुम्हाला सवड आहे ना' असं विचारेल आणि मग हाक मारेल. विल्फकाकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर केलंस."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या चेरिलने फोन लावला. जुलै महिना. भत्त्याची वर्षाची नूतनीकरणं याच महिन्यात, त्यामुळे निम्मा देश त्या एका नंबरावर ताटकळत होता. यंत्रातल्या बाईने गोड आवाजात थांबायला सांगितलं आणि पियानोची एक धून सुरू झाली. शाळेचं फाटक आलं तरी ती धून चालूच होती.

आता खरी पंचाईत. स्वयंपाकघराच्या मुख्य पिंडरबाई फोनच्या कट्टर वैरी. मागच्या सत्रात एका पोरीच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला, तर त्याच दिवशी तिला घरी पाठवलं होतं. चेरिल अजून कच्चीच होती, तीन महिने झाल्याशिवाय कायम होणार नव्हती. फोन आत न्यावा तर नोकरी जाणार, बाहेर बंद करावा तर भत्ता जाणार. ती फाटकाशी रडवेली होऊन उभी राहिली, आणि तेवढ्यात मागच्या दाराने बसमधून विल्फकाका उतरले. अंगावर चांगला कोट, बगलेत सँडविचचा डबा.

"काका, तुम्ही इकडे कुठे?"

"मला आज काही काम नाही," काका म्हणाले. "आण तो फोन. जिवंत माणूस आलं की मी आत येतो."

विल्फकाकांचं उभं आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं. आइसलंडच्या थंडीत जाळं टाकून नुसतं बसून राहायची त्यांना सवय, त्यामुळे त्या पियानोची त्यांना मातब्बरी वाटली नाही. ते शाळेच्या भिंतीवर बसले, फोन कानाला लावला आणि रस्ता न्याहाळू लागले.

शाळेच्या भिंतीवर म्हातारा बसून राहिला की लोक बघतातच. मुलांना रस्ता ओलांडून देणारी हेझेल हातातला गोल पाटीचा दांडा टेकत टेकत आली.

"आजोबा, इथे काय करताय?"

"रांगेत उभा आहे."

"बसलाय तुम्ही. आणि रांग कुठंय?"

काकांनी फोन तिच्या कानाला लावला. हेझेलने दोन क्षण धून ऐकली आणि तिचा चेहराच बदलला. "अगं बाई, ही होय. ही आमच्या बहिणीला तोंडपाठ आहे." मग ती आपली घडीची खुर्ची घेऊन आली, थर्मासातला चहा दिला, आणि चहाचा व्हायचा तो परिणाम झाला तेव्हा काका परत येईपर्यंत फोनही धरला. एका हातात पाटी, एका हातात फोन. एका लॉरीवाल्याने भोंगा वाजवला तर तिने त्याला बोटानेच गप्प केलं. तिच्या कानाशी चाललेली धून ऐकू आल्यावर लॉरीवाल्यानेही इंजिन बंद केलं.

मग बॅटरी लाल झाली. समोर तळलेल्या मासळीचं दुकान होतं, तिथे कढईच्या बाजूला फोन चार्जिंगला लागला आणि काका त्याच्याशी वाकून उभे राहिले. जेवणाची वेळ होत आली होती, गिऱ्हाईक वाढत होतं. नवा येणारा प्रत्येक जण काकांच्या मागे उभा राहायचा.

"इकडे नाही," दुकानदार सांगायचा, "मासळीची रांग ती. ही सरकारची."

"असं होय," म्हणून लोक बाजूला व्हायचे, आणि जाताना काकांना हळूच विचारायचे, "सरकतेय का पुढे?" त्या गावात रांगेतल्या माणसाला याहून जिव्हाळ्याचं कोणी काही विचारत नाही.

आणि एकाएकी पियानो थांबला.

"नमस्कार, मी कर्स्टी बोलतेय. काय मदत करू?"

दुकान चिडीचूप झालं. कढईतला मासासुद्धा जरा कमी तडतडला असं दुकानदार पुढे सांगत असे.

"पोरी, ठेवू नकोस हं," विल्फकाका म्हणाले. "काम माझं नाही, चेरिलचं आहे. ती आत कस्टर्ड करतेय. मी तुला तिच्याकडे नेतो."

"सावकाश या," कर्स्टी म्हणाली. तीही त्याच वळणाची.

काका रस्ता ओलांडून धावले. हेझेलने दोन्ही बाजूंची वाहतूक त्यांच्यासाठी अडवली. पण शाळेत असं घुसता येत नाही. आधी वहीत नाव लिहायचं, मग गळ्यात पाहुण्याचा बिल्ला. तिथेही पुढे दोन पालक उभे होते. काकांच्या कानाशी साऱ्या शहराला हवं असलेलं माणूस श्वास घेत होतं आणि काका मुकाट्याने तिसरे उभे राहिले. पुढे घुसायचा विचारही त्या भल्या माणसाच्या मनात आला नाही.

ते स्वयंपाकघरात पोचले तेव्हा चेरिल भल्यामोठ्या पातेल्यात कस्टर्ड ढवळत होती. तिने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि ढवळता ढवळता नाव, जन्मतारीख, जुनी नोकरी, नवी नोकरी सांगायला सुरुवात केली. आणि "आठवड्याचे तास वीस" म्हणता म्हणता वर पाहिलं तर समोर पिंडरबाई.

"चेरिल. माझ्या स्वयंपाकघरात फोन?"

चेरिलच्या हातातली पळी थांबली. नोकरी गेली, हे तिला स्पष्ट दिसलं. आता कर्स्टीला लगेच दुसरा बदलही कळवावा लागणार, एवढंच तिच्या मनात आलं.

"बाई," विल्फकाका हळू आवाजात म्हणाले, "खरंखुरं माणूस आहे लाइनवर. भत्त्याचं."

पिंडरबाईंनी चेरिलच्या हातातली पळी घेतली आणि स्वतः कस्टर्ड ढवळू लागल्या. जरा वेळाने पातेल्याकडेच बघत म्हणाल्या, "तुझं झालं की ठेवू नकोस. मला आमच्या लेकीचं विचारायचंय."

ते ऐकून भांडी घासणारी पिंडरबाईंच्या मागे उभी राहिली. तिच्या मागे भाजी चिरणारी. पुडिंग का आलं नाही हे बघायला हेडमास्तर थर्लबी आत आले, त्यांना रांग दिसली, आणि ते सवयीने शेवटी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढच्या बाईला विचारलं, "कसली आहे?"

चेरिलचं काम झालं. भत्ता चालू राहणार होता. तिला इतकं हलकं वाटलं की ती ओट्याला टेकली.

"आणखी काही मदत हवी का?" कर्स्टीने विचारलं.

"मागे रांग आहे."

"एका फोनवर एकाचंच घेता येतं हो. नियम आहे." ती खरोखर ओशाळली. "चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. मला इथे लागून अजून महिनाही झाला नाही. आधी चपलांच्या दुकानात होते."

चेरिल आईच ती. "पोरं आहेत तुला?"

"एक मुलगा."

"मग तुझा बदल कळवलास का?"

"आम्हाला स्वतःचं काम करता येत नाही," कर्स्टी हळूच म्हणाली. "बाहेरून फोन करावा लागतो, सगळ्यांसारखा. पण जेवायची सुट्टी अर्ध्या तासाची, आणि रांग तर तुम्ही बघितलीत. शुक्रवारी महिना भरतोय."

चेरिलने मान वर करून विल्फकाकांकडे पाहिलं. काकांनी डब्यातलं उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "गुरुवारी मला काही काम नाही."

गुरुवारी पहाटेच्या बसने विल्फकाका देश आडवा ओलांडून कर्स्टीच्या गावी गेले. तिच्या कचेरीसमोरच्या बाकावर चांगला कोट घालून बसले, चेरिलचा फोन काढला आणि समोरच्याच इमारतीत फोन लावला. पियानो सुरू झाला. सोबत पिंडरबाईंनी दिलेला केक होता, हेझेलचा थर्मास होता. काकांनी चहा बेताने घेतला.

दुपारच्या सुमाराला धून थांबली.

"नमस्कार, मी कर्स्टी बोलतेय. काय मदत करू?"

काकांनी समोरच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"पोरी, मीच आहे, बाहेरच्या बाकावर. गडबड करू नकोस. हा फोन शेजारणीच्या टेबलावर दे, डोक्यावरचं ते फोनचं काढ, आणि खाली येऊन माझ्या फोनवरून तिला तुझा बदल सांग. आपला नंबर लागलाय."