काळ्या डिझेल गाडीच्या कौलाची हकीकत

श्रीघाटदेवी, जी चढावर बसोन येणाऱ्याजाणाऱ्याचीं चाकें मोजते, तिला पहिला नमस्कार. शके १९३८, दुर्मुखनाम संवत्सर, माघमासीं घाटमाथ्यावरील एका मुलखांत जें वर्तमान घडलें तें येणेंप्रमाणें.

त्या मुलखाचे धनी निंबाजीराव मोठे मानी, आणि हट्टास पेटले म्हणजे कोणाच्या बापाचें न ऐकणारे. त्यांची एकुलती लेक गोजराबाई घाटाखालीं वीरकरांचे घरीं दिली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा रिवाज आहेच. परंतु येथें रिवाजाहून मोठें कारण होतें, कीं राणीसाहेब यमुनाबाई अंथरुणास खिळल्या होत्या, आणि वैद्यांनीं हात टेकले होते, आणि बाईंचें एकच मागणें उरलें होतें. त्या बोलिल्या, "माझ्या डोळ्यांदेखत, ह्या घरात पोर बाळंत होऊ द्या. मग मी मोकळी." रावांनीं शब्द दिला. मग लेकीस आणावयाचें कशांतून, हा खल पडला. मागल्या खेपेस वीरकर व्याही रावांची जुनी खटारा गाडी पाहोन मिशींत हसले होते, तें हसूं रावांचे काळजांत कुसळासारखें रुतलें होतें. यमुनाबाई म्हणाल्या, "अहो, भाड्याची आणा. पोर घरी आल्याशी मतलब." राव म्हणाले, "माझी लेक भाड्यानं यायची नाही." येथेंच माती खाल्ली, पण मानाचा ताप चढला म्हणजे माणसास काय सुचतें?

मग राव झुंबरशेट यांचे पेढीस गेले. हे शेट वापरलेल्या आलिशान गाड्या विकीत, त्या उंच आणि दांडग्या, ज्यांस लोक एसयूव्ही म्हणती. तेथें दोन गाड्या मनास आल्या. एक पांढरी, पेट्रोलची, सहा सिलिंडरांचें साधें इंजिन, टर्बो, म्हणजे इंजिनांत हवा कोंबणारा पंखा, तो नाहीं, डौल बेताचा. दुसरी काळी, डिझेलची, दोन टर्बो, अंगानें हत्ती, आणि तिच्या रंगांत पाहणाऱ्याचें तोंड दिसे तें जरा लांबट दिसे. राव तिजसमोर उभे राहिले ते हलेनात.

आतां त्या मुलखाचा शिरस्ता ऐसा, कीं बैल, घोडा, जांवई, जें घरांत आणावयाचें त्यावर देवीचा कौल घ्यावा. गाडीची रीत अशी, कीं इंजिन चालूं करोन गुरवानें बोनेटवर उजवी डावी अशीं दोन ओलीं फुलें चिकटवावीं. उजवें पडलें तर होकार, डावें पडलें तर नकार, आणि एकही न पडलें तर देवी अबोल, म्हणजे नकाराहून वाईट. गुरवास पेढीवरच बोलावोन आधीं पांढरीवर फुलें लाविलीं. इंजिन इतकें शांत चाले, कीं तें चालूं आहे हें गुरवास कान लावोन पाहावें लागलें. फुलें जागचीं हललीं नाहींत, तेथेंच सुकलीं. गुरव मान हलवोन बोलिला, "बोलत न्हाई धनी ही." मग काळीस चावी दिली. तिनें अंग झाडलें आणि उजवें फूल टपकन् पडलें. पुन्हां लाविलें, पुन्हां उजवेंच. मंडळींनीं हात जोडिले.

तेव्हां झुंबरशेट पुढें आले आणि हळूच म्हणाले, "धनी, माझाच माल आहे, मी वाईट बोलू नये. पण फूल पडलं ते थरथरीनं पडलं. हिचं इंजन आतनं दुखतंय. पांढरी न्या. जुन्या मालात साधं इंजन धरावं, टर्बो नाही तर टर्बोचं दुखणंही नाही."

राव म्हणाले, "आणि काळीचं दुखणं काय?"

"टर्बोतनं तेल आत झिरपतंय. डिझेलच्या इंजनाला आतनं तेल मिळालं, तर ते मग चावीला विचारत नाही. आपलंच तेल पितं आणि पळतं. आधीच्या दोन्ही धन्यांनी हिला घाटातनंच माघारी धाडली. दोघंही एकच बोलले, चावी हातात होती आणि ही चालत होती."

हें ऐकोन रावांचे अंगावर कांटा आला, हें खरें. पण लागलीच मनांत वहीम शिरला, कीं व्यापारी आपल्याच मालाची निंदा करितो तो कशास? चांगला माल दुसऱ्या गिऱ्हाइकासाठीं दडवीत असावा. शेट खोटें बोलता तर राव कदाचित् वांचते. राव म्हणाले, "देवीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं होय?" आणि काळी घरीं आणिली.

घरीं राव रोज सकाळीं तिला चालवोन पाहात. पहिले दिवशीं चावी काढिली आणि इंजिन एक श्वास उशिरानें थांबलें. राव हसोन बोलिले, "इमानी जनावर, धन्याला सोडवत नाही." पुढें तो श्वास लांबत गेला. राव चावी मुठींत धरोन समोर उभे राहात आणि ती घुमत राहे, आणि मग जणूं काय तिच्याच मर्जीनें निजे. रावांस भय वाटूं लागलें होतें, पण कौलाची गाडी टाकावी तर लोक काय म्हणतील, म्हणोन कोणास बोलिले नाहींत.

मग सुमुहूर्त पाहोन राव स्वतः घाट उतरले. व्याही काळीभोंवतीं फेरी घालोन "वा" म्हणाले, आणि रावांचें काळीज सुपाएवढें झालें. लेकीस शेजारीं बसवोन परत फिरले. घाट अर्धा चढला, ऊन माथ्यावर, आणि रावांस कळलें, कीं आपण पाय उचलला तरी गाडी वेग घेत आहे. ब्रेकवर उभे राहिले, गियर काढिला, कठड्याशीं चाक टेकवोन गाडी कशीबशी उभी केली, आणि चावी काढिली. इंजिन थांबलें नाहीं. आवाज चढत गेला, मागोन निळापांढरा धूर निघोन अवघें वळण भरलें, पुढचा डोंगर दिसेना. रावांनीं लेकीस हातीं धरोन उतरविलें आणि दूर दगडावर नेऊन बसविलें. मागें गाडी रिकामी, दारें उघडीं, चावी रावांच्या मुठींत, आणि आंत कोणी नसतां ती किंचाळत होती. ज्यास स्वतःचेंच खाऊन भूक भागवावयाची त्याचा आवाज असाच निघत असेल.

गोजराबाई पोटावर दोन्ही हात ठेवोन म्हणाली, "आबा, पोटातलं हलायचं थांबलंय."

रावांनीं घाटदेवीच्या दिशेस हात जोडिले. मग इंजिनाचें तेल सरलें, आंत कांहींतरी फुटलें, आणि ती एकाएकीं गप्प झाली. धूर तसाच उभा राहिला. पांखरूंही बोलेना. बापलेक कितीतरी वेळ ऐकत राहिले, कसला आवाज तें त्यांचें त्यांस ठाऊक. मग गोजराबाईनें रावांचा हात ओढोन पोटावर ठेविला, आणि आंतून एक टांच लागली. राव तेथेंच धुळींत बसोन रडले.

रावांनीं फोन केला तेव्हां खालून वीरकरांची माणसें आलीं आणि तिला उतारानें परत नेलें. वैद्यांनीं तपासोन सांगितलें, कीं धसका बसला आहे, आतां बाळंत होईतों जागची हलूं नये. इकडे यमुनाबाई हलूं शकत नव्हत्या, तिकडे लेक, आणि मध्यें घाट. चैत्रांत मुलगी झाली, आणि ओल्या बाळंतिणीस घाट वर्ज्य. रावांनीं फोनवर तिचें चित्र दाखविलें. बाईंनीं तें पुष्कळ वेळ पाहिलें, मग फोन नाकाशीं नेला, आणि परत देऊन म्हणाल्या, "बाळाचा वास येत नाही ह्याला." याहून अधिक दोष दिला नाहीं. वैशाखांत त्या गेल्या.

तात्पर्य, इंजिन घेतांना जें थरथरोन होकार देतें त्याहून जें मुकाट चालतें तें बरें. हें कळलें, पण उशिरां कळलें. लेक माहेरीं आली ती आईच्या तेराव्यास, उराशीं पोर धरोन, यष्टीनें. बखर समाप्त.